सोडून देणारी पकड

२८ डिसेंबर १९६१, गुरुवार

आमच्याकडे खोली घेऊन राहिलेले हॅम्बुर्गचे डॉक्टर लोरेन्झेन आज सकाळच्या बसने गेले. जाताना चादरींच्या घड्या घालून ठेवल्या होत्या. माणूस लुथरपंथी असला तरी वळण चांगले. पण जाता जाता एक घोळ करून गेले. झेंझीला स्कीचा जोड देऊन गेले. त्यांच्या बायकोचा. बाईंचा गुडघा आता साथ देत नाही म्हणे. धातूचा आहे, काळा तकतकीत, आणि पुढे बोटांपाशी बूट धरणारी ती नव्या तऱ्हेची पकड.

झेंझी ह्यांची धाकटी बहीण. सासूबाई गेल्या तेव्हा परकरी पोर होती, मी वाढवली. हे लिहून ठेवते, कारण हल्ली घरात कोणाला आठवत नाही.

डॉक्टर हाडांचे. स्वयंपाकघरातल्या बाकावर स्की आडवी ठेवून तिला शिकवत होते. "पडलीस, पाय पिळला, की ही पकड बाजूला वळते आणि बूट सोडून देते. सोडायलाच हवा. तुमच्या लाकडी स्कीवरची ती तार आणि चामड्याचा पट्टा मरेपर्यंत सोडत नाही. माझा निम्मा धंदा त्या पट्ट्यावर चालतो." मग बुटाच्या टोकावर बाजूने मूठ मारली. टक्. बूट बाहेर. पुन्हा बसवला, पुन्हा टक्. झेंझी टाळ्या वाजवायचीच बाकी होती. "फक्त ही फट साफ ठेवायची. बर्फ नको, माती नको. थेंबभर तेल, बाकी काही म्हणजे काही आत जाता कामा नये."

मी म्हटले, "डॉक्टर, आमचे सासरे स्वतः तासलेल्या स्कीवर म्हातारे होईपर्यंत फिरले."

"लंगडत होते ना ते?"

"लंगडत होते. पण पडले तेव्हा स्की पायातच होती. हाड मोडलं, स्की सुटली नाही."

मी अभिमानाने सांगितले, तर दोघे एकमेकांकडे बघून हसले. मेलेल्या माणसाला असे हसू नये. ह्यांनीही मान खाली घातली. हसत होते की काय, दिसले नाही.

६ जानेवारी, शनिवार. तीन राजांचा सण

घरभर धूप फिरवला, दारावर खडूने वर्ष लिहिले. गोठ्यात धूप नेताना निखारे ह्यांच्या हातात आणि पवित्र पाणी झेंझीच्या हातात होते. जपाच्या मध्येच ती म्हणाली, "दादा, माझं नाव लागलं." मी प्रार्थना संपेपर्यंत ऐकले नाही असे दाखवले.

स्की-शाळेच्या मास्तरांनी तिचे नाव सरकारी शिक्षकांच्या परीक्षेला पाठवले आहे. पाच फेब्रुवारीपासून, खिंडीपलीकडे. पास झाली तर तिकडेच मोठ्या गावात नोकरी, पगार, स्वतःची खोली. जेवताना मी विचारले, "आणि इथल्या खोल्या कोण करणार?"

"मोलकरीण ठेवा ना वहिनी."

"मोलकरीण वर्षाचा करार संपला की मेणबत्त्यांच्या सणाला पेटी उचलून दुसऱ्या घरी जाते. तू घरची आहेस."

"तेच तर. मोलकरणीला निदान तो सण तरी असतो."

मी चमचा खाली ठेवला. हे म्हणाले, "जाऊ दे तिला, बुर्गा. तिच्या पायात आहे ते." पायात आहे म्हणे. हात कोणी वळवले, भांडी घासायला, पीठ मळायला, ते कोणी नाही बोलत.

मी मठाच्या शाळेत मॅट्रिक झाले. मलाही सिस्टर म्हणाल्या होत्या, इन्सब्रुकला राहा, शिक्षिका हो. मी आईवडिलांचे ऐकले आणि ह्या खोऱ्यात आले. कुठे काय बिघडले माझे?

१४ जानेवारी, रविवार

चर्चमधली मिस्सा सुटली तेव्हा सगळे गाव अंगणात होते आणि वरच्या उतारावर झेंझी सराव करत होती. एकदम ती आडवी झाली. बर्फाचा लोट. त्यातून एक स्की एकटीच सुटली आणि सरळ खाली फादरांच्या कुंपणाला येऊन धडकली. सरपंच वास्टल ओरडला, "काय गं झेंझी, स्की पोचली, तू कधी येतेस?" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ती एका पायावर घसरत खाली आली, गाल लाल, केसांत बर्फ. "पाहिलंस दादा? पूर्ण पिळला होता पाय. जुनी स्की असती तर आता मला फळीवर घालून आणावं लागलं असतं!"

हे तिचा घोटा चाचपत म्हणाले, "चांगली आहे गं पकड." वास्टल म्हणाला, "चांगली कसली? परीक्षकासमोर सुटली की नापास. आमच्या वेळी स्की बायकोसारखी होती. एकदा बांधली की बांधली."

माणूस पिऊन होता, पण बोलला ते खोटे नव्हते. सोडून देणे हाच ज्या वस्तूचा गुण, तिच्यावर कोणाचा जीव कसा ठेवायचा? मागच्याच रविवारी फादर म्हणाले, देवाने जोडलेले माणसाने तोडू नये. ते लग्नाबद्दल होते, हे मला कळते. पण तत्त्व तेच.

२२ जानेवारी, सोमवार

डच पाहुणे आले आहेत, दहाजण. झेंझी पहाटे उठून चुली पेटवते, खोल्या आवरते आणि अकराला उताराकडे पळते. कामात खोट काढायला जागा ठेवत नाही. मुद्दाम करते.

आज तिला म्हटले, "परीक्षेला बाबांच्या स्की घेऊन जा. त्यांचा आशीर्वाद राहील."

"वहिनी, त्या स्कीवर वळण घ्यायला शेत लागतं. परीक्षक हसतील."

"बाप हसण्याची वस्तू झाला का?"

"मी स्कीबद्दल बोलतेय."

"आणि मी तुझ्याबद्दल."

ती बादली उचलून जिना चढली. वरून गाणे ऐकू येत होते. मला गाण्याचा राग नाही. पण रागावलेल्या माणसाला ऐकवायचे गाणे वेगळे असते.

२ फेब्रुवारी, शुक्रवार. मेणबत्त्यांचा सण

फादरांनी मेणबत्त्यांवर आशीर्वाद दिला. यंदा मोठी घेतली, वर्षभर पुरेल अशी. परत येताना रस्त्यावर जिकडे तिकडे पेट्या. वास्टलकडची मोलकरीण खालच्या हॉटेलात चालली, बेकरकडचा गडी आणखी कुठे. सगळ्यांचे चेहरे हसरे. झेंझीने घरी येताच स्वतःची पेटी माळ्यावरून खाली काढली आणि पुसून दाराशी ठेवली, जणू तिचाही हिशेब चुकता झाला.

रात्रीच्या जेवणाला ती माझ्याजवळ येऊन बसली. असे बऱ्याच दिवसांत बसली नव्हती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "किती भेगा पडल्यात वहिनी. पास झाले ना, तर पहिल्या पगारातून मोरीत गरम पाण्याची टाकी बसवते बघा." हे डोळे पुसायला लागले.

मला बरे वाटायला हवे होते. पण मनात आले, ही आत्तापासूनच बाहेरच्यासारखे बोलते आहे. पाहुणे जाताना असेच काहीतरी देऊ म्हणतात.

४ फेब्रुवारी, रविवार

दुपारच्या प्रार्थनेला ती आणि हे चर्चमध्ये गेले. मी रस्सा शिजत होता म्हणून मागे राहिले आणि दरवर्षीचे काम उरकले. पवित्र मेणबत्ती पेटवून ह्यांच्या टोपीच्या आत एक थेंब, गाईच्या शिंगावर एक, दाराच्या चौकटीवर, पिठाच्या पेटीवर, माझ्या बुटाच्या टाचेवर. आईने शिकवले तसे. वर्षभर वीज, आजार, पडझड यांपासून राखण होते.

मग कोपऱ्यात झेंझीच्या स्की दिसल्या. तेल लावून, पुसून, उद्यासाठी तयार ठेवलेल्या. ज्या वस्तूवर तिचा जीव अवलंबून, तीच तेवढी बिनआशीर्वादाची. एक थेंब ठेवायला गेले. मेण फटीतून आत उतरले, दिसेनासे झाले. एका थेंबाने काय होणार? प्रणाम मारिया म्हणत आणखी सोडले, दोन्ही पकडींत, फट काठोकाठ भरेपर्यंत. डॉक्टर म्हणाले होते, आत काही जाता कामा नये, हे मला आठवत होते. पण ते बर्फाबद्दल आणि मातीबद्दल होते. लुथरच्या माणसाला पवित्र मेण काय ठाऊक!

वर आलेले मेण नखाने खरवडून एप्रनने पुसून घेतले. दिसू नये म्हणून नव्हे. नीटनेटके असावे म्हणून.

झेंझी आली, रस्सा चाखला, म्हणाली, "वहिनी, आज मीठ बरोब्बर."

५ फेब्रुवारी, सोमवार

कडाक्याची थंडी. बादलीतल्या पाण्याला बोटभर पापुद्रा. संत आगाथाच्या नावाचा पाव तिच्या डब्यात घातला.

बस यायच्या आधी तिने दारात स्की आडवी ठेवली, बूट बसवला आणि रोजच्यासारखी मूठ मारली. मला वाटले, आता कळणार. बूट हलला नाही. दुसऱ्यांदा जोरात मारली. जरासा सरकला, सुटला नाही.

"जड का वाटतंय आज?"

मी म्हटले, "थंडी किती आहे! लोखंड आखडतं. ती बघ बस आली."

"दादाला हाक मारते, बघू दे त्याला."

"दादा गोठ्यात आहे. बस तुझ्यासाठी थांबणार आहे का? चल."

तिने स्की खांद्यावर टाकल्या. मी तिच्या कपाळावर क्रूस काढला. सांगितले असते तर ऐन वेळी चिडली असती, पवित्र मेण सुरीने उकरून काढले असते, आणि ते पाप माझ्या दारात झाले असते.

पाहुण्यांच्या दहा खाटा एकटीने केल्या. कंबर धरली आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

बसच्या ड्रायव्हरने निरोप आणला. दुसऱ्याच उतरणीत पडली. पाय पिळत गेला, स्की पायातच राहिली. नडगीची दोन्ही हाडे मोडली. तिला खालच्या शहरातल्या इस्पितळात नेले आहे. हे टोपी न घालताच धावले.

मी जपमाळेचे पाचही भाग म्हटले. जीव वाचला. मेणाने राखले म्हणायचे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

हे परत आले, तिची पेटी आणि स्की घेऊन. जेवले नाहीत. कामाच्या खोलीत गेले आणि बराच वेळ खुडबुड चालली होती. मग एक स्की घेऊन स्वयंपाकघरात आले आणि सरळ टेबलावर ठेवली. धुतलेल्या टेबलक्लॉथवर! काळा डाग पडला.

"बुर्गा, हे काय आहे?"

तळहातावर मेणाचे खडे होते.

"सणाचं मेण. आशीर्वादाचं."

"कोणी घातलं?"

"मी. तिच्यासाठी. तुमच्या टोपीतही घातलंय."

हे उभेच राहिले. मला वाटले, ओरडतील. लग्न झाल्यापासून कधी ओरडले नाहीत. खुंटीवरची टोपी काढली, आतला थेंब बघितला, पुन्हा खुंटीला अडकवली. "झेंझीला सांगितलंस?"

"आजारी माणसाच्या डोक्याला कशाला ताप?"

"हं," म्हणाले. खडे चुलीत टाकले. पवित्र मेण चुलीत टाकायचे असते का? पण मी गप्प बसले. घरात शांतता ठेवणे बाईच्या हातात असते.

त्या पकडी त्यांनी दुपारभर उकळत्या पाण्याने धुतल्या. आता टक् टक् आवाज येतो आहे. सारखा.

१२ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांना खोकला झाला आहे, म्हणून कामाच्या खोलीतच झोपतात. मला त्रास नको म्हणून. मी तर काही ऐकला नाही खोकला. पवित्र मेणबत्तीही जागेवर नाही. उंदरांनी नेली असावी. एवढी मोठी मेणबत्ती.

२४ फेब्रुवारी, शनिवार

झेंझीला घरी आणले. इस्पितळवाले म्हणत होते, अजून राहू द्या. पण कार्निव्हलचे पाहुणे तोंडावर आलेले, आणि तिला एकटीला तिथे करमत तरी असेल का? मांडीपर्यंत प्लास्टर. स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपवले, म्हणजे माझ्या नजरेसमोर राहील.

"वहिनी, ती पकड सुटलीच नाही," तिने आल्या आल्या सांगितले. "मी खाली जाताना वाट बघत होते. आत्ता सुटेल, आत्ता सुटेल. हाडाचा आवाज ऐकला, तरी वाट बघत होते."

मी म्हटले, "देवाची इच्छा." आणि तिच्या मांडीवर बटाट्यांची परात ठेवली. हात रिकामे राहिले की मन भरकटते.

८ मार्च, गुरुवार

कालपासून उपवासकाळ. पाहुणे मात्र उपवास करत नाहीत, भांडी तेवढीच पडतात. झेंझीला आज मोरीपाशी उभी केली. काठी एका बगलेत आणि पोट मोरीच्या कट्ट्याला टेकवून. रडली थोडी. "डॉक्टरांनी वजन टाकू नको म्हटलंय."

"पडून पडून पाय आळशी होतो. गाय व्याली की दुसऱ्या दिवशी उभी राहते."

"मी व्यायले नाही वहिनी, पडले."

तोंड अजून शाबूत आहे, म्हणजे तब्येत सुधारते आहे. ताटे तिने धुतली, मी पुसली. मधूनच ओठ चावायची. मी तिच्यासोबत मोठ्याने जप म्हटला, म्हणजे दुःख प्रभूच्या दुःखाला जोडले जाते. हे दाराशी आले, बघितले आणि लाकडे फोडायला गेले. लाकडे पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरतील एवढी झाली आहेत, तरी फोडतात.

१९ मार्च, सोमवार. संत योसेफ

झेंझी आता रोज उभी राहते. पाय बाहेरच्या बाजूला वळतो आहे असे म्हणाली. मी म्हटले, प्लास्टरमुळे तसे दिसते.

स्की-शाळेचे मास्तर भेटायला आले. पुढच्या वर्षी पुन्हा नाव देतो म्हणाले. ते गेल्यावर ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. वाफेने काच धुरकट झालेली, दिसत काहीच नव्हते.

२१ एप्रिल, पवित्र शनिवार

डॉक्टर लोरेन्झेन ईस्टरला आले, बाईंना घेऊन. मागच्या आठवड्यात झेंझीचे प्लास्टर काढले आहे. दारात झेंझीला बघताच त्यांचा चेहरा उतरला. सामान तसेच टाकून तिला बाकावर बसवले, पाय हातात घेतला. पाऊल बाहेर वळलेले आहे, आणि हा पाय थोडा आखूडही झाला आहे. हे आम्हाला रोज दिसतेच, पण त्यांनी मोठ्याने सांगितले.

"उभी कधी राहिलीस?"

झेंझीने काठी जवळ ओढली. मी म्हटले, "तिला स्वतःलाच पडून राहणं आवडत नाही."

मग त्यांनी स्की मागवली. हे घेऊन आले. डॉक्टरांनी बूट बसवला, मूठ मारली. टक्. पुन्हा मारली. टक्. "ही तर उत्तम चालतेय. व्हेंडेलिन, तुम्ही काही काढलंत का हिच्यातून?"

हे माझ्याकडे बघत नव्हते. जमिनीकडे बघत म्हणाले, "नाही. काही नव्हतं."

डॉक्टर झेंझीकडे वळले. आवाज चढला होता. "मग तूच स्क्रू पिळलास. परीक्षेत सुटू नये म्हणून. सगळे तरुण हेच करतात! मी काय सांगून गेलो होतो?"

झेंझी आधी ह्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी बोलणारच होते. पण तेवढ्यात दूध उतू गेले, आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी चूल खराब झालेली मला चालत नाही. चूल पुसून वळले तोपर्यंत ती म्हणाली होती, "पिळला असेल मीच."

लबाडी ती लबाडीच, पण अंगावर दोष घ्यायला शिकली. मी उलट बोलून तिचे पुण्य कशाला घालवू?

२३ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

जेवणानंतर डॉक्टरांनी विषय काढला. हाड पुन्हा मोडावे लागेल, सरळ करून आत धातूची पट्टी घालून बसवावे लागेल. त्यांच्या स्वतःच्या इस्पितळात, एक पैसा घेणार नाहीत. बाई म्हणाल्या, आमच्या घरी राहील, मी बघीन. पण आत्ताच, पुढच्या महिन्यात. शरद ऋतूपर्यंत थांबले तर हाड पक्के होईल, मग काही करता येणार नाही. "वर्षभरात पुन्हा स्कीवर उभी करीन. शब्द देतो."

मी म्हटले, "मोडलेलं पुन्हा मोडायचं? देवाने एकदा सांधलेलं?"

"देवाने वाकडं सांधलंय, बाई."

अशी यांची भाषा. मी शांतपणे सांगितले की उन्हाळ्याच्या पाहुण्यांच्या खोल्या धरून झाल्या आहेत, मोलकरीण ह्या महिन्यात मिळत नाही, आणि परक्या मुलुखात, परक्या पंथाच्या घरात तरणी मुलगी महिनोन्महिने ठेवणे शोभत नाही. शरद ऋतूत बघू. डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, "शरद ऋतूत बघायला काही उरणार नाही, एवढंच तर सांगतोय! व्हेंडेलिन, तुम्ही घरातले पुरुष आहात, बोला."

ह्यांनी तोंड उघडले. झेंझी त्यांच्याकडे बघत होती, इतकी एकटक की मलाच अवघडल्यासारखे झाले. हे म्हणाले, "मी... बुर्गाला विचारायला हवं."

मग डॉक्टर तिच्याजवळ जाऊन बसले, अगदी हळू आवाजात. "तू सज्ञान आहेस, पोरी. तुझा पाय आहे. तू सांग. उद्याच्या बसने येतेस?"

 मी मनात मारियामातेला हाक मारली. झेंझीने मांडीवरचा फडका घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

"वहिनी म्हणतील तसं."

डॉक्टरांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तेच म्हणाली, त्याच आवाजात. मग काठी घेतली आणि मोरीपाशी जाऊन ताटे विसळू लागली, कोणी न सांगता.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला उलट उत्तर दिले नाही. पोरीत नम्रता आली. मी देवाचे आभार मानले, आणि तिने विसळलेले दुसरे ताट मी स्वतः पुसले. सुताराला सांगून तिच्यासाठी मोरीपाशी एक उंच स्टूल करून घेईन. एका बाजूचे पाय थोडे आखूड, म्हणजे तिला नीट बसता येईल.